रुपयाची संख्या आणि रुपयाची किंमत

अभिजात अर्थशास्त्राने पैशाला दुय्यम मानले, असे सरसकट सांगितले जाते. ते अर्धेच खरे आहे. ॲडम स्मिथने १७७६ मध्ये पैशाला अभिसरणाचे चाक म्हटले आणि ते समाजाच्या उत्पन्नात धरले नाही. मिलनेही पैशाला स्वतःचे फारसे महत्त्व दिले नाही. पण रिकार्डोने १८१० मध्ये दाखवले की नोटा बेसुमार निघाल्या की त्यांची किंमत घसरते. म्हणजे चलनाची किंमत त्याच्या संख्येवर मर्यादा असण्यावर अवलंबून असते. भारतीय रुपयाचा इतिहास या दुसऱ्या विचाराची परीक्षाच आहे.

१८३५ पासून ईस्ट इंडिया कंपनीच्या रुपयात १६५ ग्रेन शुद्ध चांदी असे. १८७३ नंतर चांदी स्वस्त होत गेली आणि रुपयाही तिच्याबरोबर उतरला. जून १८९३ मध्ये सरकारने टांकसाळी लोकांच्या चांदीला बंद केल्या. नाण्यातली चांदी तेवढीच राहिली, तरी नाणे दुर्मीळ झाले आणि १८९८ च्या सुमारास ते १ शिलिंग ४ पेन्सवर पोहोचले. देशी संस्थानांचे रुपये मात्र चांदीच्या भावाशी बांधलेले राहिले. जयपूरची स्वतःची टांकसाळ होती, तिचा रुपया झाडशाही. त्या संस्थानातल्या कानोत्यासारख्या जहागिरींतला शेतकरी, सरकारी रुपयात व्यवहार करावा लागला की, झाडशाही रुपयावर बट्टा, म्हणजे किमतीतली तूट, सोसत असणार. जवळपास तेवढ्याच चांदीच्या दोन नाण्यांचे मोल वेगळे ठरले, हा रिकार्डोच्या बाजूचा भक्कम पुरावा मला वाटतो.

याच प्रश्नावर डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी लंडनमध्ये प्रबंध लिहिला. तो १९२३ मध्ये ‘द प्रॉब्लेम ऑफ द रुपी’ या नावाने प्रसिद्ध झाला. अर्थतज्ज्ञ केन्सने १९१३ मध्ये सुवर्ण विनिमय पद्धतीची, म्हणजे देशात चांदीचा रुपया ठेवून त्याचा परदेशी दर सोन्याशी बांधण्याची, बाजू घेतली होती. आंबेडकरांचा आक्षेप मुळावर होता: या पद्धतीत सरकार रुपये पाडू शकते, पण त्यांना कमाल मर्यादा नाही. आणि परदेशी हुंडीचा दर स्थिर राहिला म्हणजे देशातल्या किमती स्थिर राहतात असे नव्हे. रुपया स्वस्त झाला की निर्यातदाराला फायदा दिसतो. तो बहुतांशी मजुराच्या वेतनातून येतो, कारण किमती आधी चढतात आणि मजुरी मागून. म्हणून टांकसाळी लोकांप्रमाणे सरकारलाही बंद कराव्यात, रुपयांची संख्या गोठवावी आणि सोन्याची टांकसाळ उघडावी, असे त्यांनी सुचवले.

पैसा हा खऱ्या व्यवहारांवरचा नुसता पडदा असता, तर त्याची संख्या कोण ठरवतो याने मजुराच्या ताटात फरक पडला नसता. १९२५ मध्ये भारतीय चलनाचा विचार करणाऱ्या हिल्टन यंग आयोगासमोर आंबेडकरांनी साक्ष दिली. आयोगाने रुपयाचा दर १ शिलिंग ६ पेन्स सुचवला आणि १९२७ च्या कायद्याने तो अमलात आला. रुपये पाडण्याच्या सरकारी अधिकारावर आंबेडकरांना हवी होती ती कायमची मर्यादा मात्र आली नाही.