जीआयएएसबीएम०१ : हरवलेल्या पत्त्यांचा इतिहास (थ्रेड)

१९९६-९७ च्या सुमारास छापलेली एखादी स्मरणिका किंवा शोधनिबंध हाती आला, तर लेखकाच्या नावाखालील ई-मेलचा पत्ता अवश्य पाहावा. ‘अ‍ॅट जीआयएएसबीएम०१ डॉट व्हीएसएनएल डॉट नेट डॉट इन’ अशी लांबलचक शेपटी तेथे हमखास आढळते.

तिचा उलगडा सोपा आहे : गेटवे इंटरनेट अ‍ॅक्सेस सर्व्हिस, बॉम्बे, यंत्र क्रमांक ०१. विदेश संचार निगमाने ही सेवा १५ ऑगस्ट १९९५ रोजी सुरू केली. त्याच वर्षी शहर अधिकृतपणे ‘मुंबई’ झाले. सर्व्हरने मात्र त्याची दखल घेतली नाही!

या पत्त्यांचे पुढे काय झाले, हे समजण्यासाठी त्यांचा मालक कोण होता ते पाहिले पाहिजे. विदेश संचार निगम आणि महानगर टेलिफोन निगम या दोन्ही सरकारी कंपन्यांचा कारभार १ एप्रिल १९८६ रोजी सुरू झाला. पहिलीकडे परदेशी दळणवळण, दुसरीकडे दिल्ली-मुंबईचे टेलिफोन. भारत संचार निगम २००० मध्ये अवतरला.

या वाटणीची सीमा कळव्याच्या रहिवाशाला रोज लोकलमधून ओलांडावी लागे. कळवा ०२२ मध्ये, म्हणजे महानगर निगमाच्या हद्दीत. मुंब्रा-दिवा मागे टाकून डोंबिवलीत उतरले की ०२५१ आणि भारत संचार निगम. परिणामी कळव्यातील घरात ‘एमटीएनएल डॉट नेट डॉट इन’, तर डोंबिवलीतील नातेवाइकाकडे ‘संचारनेट डॉट इन’. ई-मेलच्या शेपटीवरून माणसाचे उपनगर ओळखता येई, असा तो अल्पकाळ होता.

नोव्हेंबर १९९८ मध्ये खासगी कंपन्यांना दार उघडले आणि सत्यम इन्फोवे मैदानात उतरली. फेब्रुवारी २००२ मध्ये केंद्राने विदेश संचार निगमातील २५ टक्के हिस्सा टाटा समूहाला १,४३९ कोटी रुपयांना विकला; २००८ मध्ये कंपनीचे नावच ‘टाटा कम्युनिकेशन्स’ झाले. सत्यमची ‘सिफी’ झाली. महानगर निगमाच्या भारत संचार निगमातील विलीनीकरणाला मंत्रिमंडळाने ऑक्टोबर २०१९ मध्ये तत्त्वतः मान्यता दिली. पाटी बदलली की शेपटीही कालबाह्य होते.

ब्रिटनमधील उदाहरण याहून बोलके आहे. १९९८ मध्ये सुरू झालेली ‘फ्रीसर्व्ह’ पुढे ‘वानाडू’ झाली, मग ‘ऑरेंज’, आणि अखेर ‘ईई’ या कंपनीत विलीन झाली. या कंपनीने ३१ मे २०१७ रोजी त्या सर्व जुन्या नावांचे ई-मेल पत्ते बंद केले. जवळजवळ दोन दशके जपलेला पत्ता एका तारखेला संपला.

यामागचे तांत्रिक कारण साधे आहे. पत्त्यातील ‘अ‍ॅट’ नंतरचा भाग वापरणाऱ्याचा नसतो, कंपनीचा असतो. मोबाइल क्रमांक कंपनी बदलूनही सोबत नेण्याची सोय भारतभर २० जानेवारी २०११ पासून मिळाली. ई-मेलला तसा हक्क नाही. ज्यांनी १९९६ मध्ये निघालेल्या हॉटमेलसारख्या, इंटरनेट जोडणीशी संबंध नसलेल्या सेवेत खाते उघडले, त्यांनी जोडणी बदलली तरी पत्ता टिकला. अर्थात तेही पूर्ण अभय नव्हे : इंडियाटाइम्सने आपली ई-मेल सेवा फेब्रुवारी २०१३ मध्ये गुंडाळलीच.

पत्ता गेल्यावर बँकेचा किंवा अन्य खात्यांचा पासवर्ड बदलण्याचा संदेशही जुन्याच दाराशी जातो, ही झाली व्यावहारिक अडचण. इतिहासाच्या अभ्यासकाला याहून मोठी चिंता असावी. वि. का. राजवाडे यांनी ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’चा पहिला खंड १८९८ मध्ये प्रसिद्ध केला, तो जुन्या घराण्यांच्या दप्तरांतील कागदांच्या आधारे. ती घराणी सत्ताबदलांतून गेली, पण कागद माळ्यावर राहिले. ब्रिटिशांनी पेशवाई खालसा केली म्हणून कोणाच्या घरातील पत्रे आपोआप नाहीशी झाली नाहीत.

डायल-अपच्या काळात मात्र टपालपेटी लहान असे. म्हणून आउटलुक एक्स्प्रेससारख्या प्रोग्रॅममध्ये पत्रे उतरवून घेतली जात, आणि बहुधा सर्व्हरवरील प्रत पुसली जाई. म्हणजे १९९५ ते २००५ या दशकातील मुंबई-ठाणे परिसराचा खासगी पत्रव्यवहार मुख्यतः घरगुती हार्डडिस्कवर होता. अमेरिकेतील मुलाची पहिली पत्रे, लग्नाची बोलणी, एखाद्या दिवाळी अंकाच्या संपादकाने लेखकाला सुचवलेले फेरफार, असे सारे त्यात. यांतील किती संगणक भंगारवाल्याकडे वजनावर गेले असतील, याची नोंद कोणत्याही दप्तरात नाही.

ज्यांच्या माळ्यावर तसा एखादा संगणक अजून पडून आहे, त्यांनी तो विकण्यापूर्वी ‘डीबीएक्स’ या प्रकारच्या फाइल शोधाव्यात. आउटलुक एक्स्प्रेसची पत्रे त्यांतच साठवलेली असतात, आणि ती वाचण्यासाठी जुना पत्ता जिवंत असण्याची गरज नाही.