कागदावर न उरलेले संगीत

गणपतीपुढे दहा दिवस आपण टाळ, पेटी आणि तबला-पखवाज वाजवतो. यातली पेटी साहेबाच्या देशातून आली, पखवाज मात्र आपल्याच घरचा. परंतु ज्या माळव्यात आपण हा उत्सव करतो, त्याच माळव्यात सव्वाशे-दीडशे वर्षांपूर्वी पखवाज आणि बीन या दोन वाद्यांचे असे कलावंत होऊन गेले की त्यांचे नाव काढताच हिंदुस्थानभरचे गवई कानाची पाळी धरीत. आज ती नावे किती जणांना ठाऊक आहेत? लोहारद्याहून इंदूर काय आणि देवास काय, एका दिवसात जाऊन येण्याजोगी गावे. म्हणून यंदाच्या स्मरणिकेत या विस्मृत वैभवाची थोडी उजळणी करावी, असे आम्ही ठरवले.

बीन म्हटले की आपल्याकडची मुले गारुड्याची पुंगी समजतात. ही बीन ती नव्हे. लांब दांडी, तिच्या दोन टोकांना दोन मोठे भोपळे आणि दांडीवर मेणात बसवलेले पडदे, अशी ही रुद्रवीणा. एका स्वरावरून दुसऱ्या स्वरावर तार ओढत नेण्याची, म्हणजे मींडेची, जी खोली या वाद्यात आहे तिला तोड नाही. एकोणिसाव्या शतकात या वाद्याचे सर्वांत गाजलेले नाव म्हणजे बंदेअली खाँ. ते किराण्याचे, पण इंदूरचा होळकर दरबार आणि ग्वाल्हेर या दोन्ही ठिकाणी त्यांची बीन घुमली. ग्वाल्हेरच्या महाराजांनी खूश होऊन ‘हवे ते मागा’ म्हटल्यावर खाँसाहेबांनी धन किंवा जमीन न मागता दरबारची गायिका चुन्नाबाई हिचा हात मागितला, अशी आख्यायिका आहे. शतकाच्या अखेरच्या दशकात ते पुण्यात वारले. त्यांची कबर तिथेच आहे.

त्याच होळकर दरबारात नाना पानसे हे मराठी पखवाजिये होते. मूळचे वाई भागातले नाना इंदुरात स्थिरावले आणि त्यांच्या वादनपद्धतीला पुढे ‘पानसे घराणे’ असेच नाव पडले. बोटांची नवी ठेवण, स्पष्ट बोल आणि गणिती बांधणीचे परण ही त्यांची खूण. आगळे मंडळींनी, म्हणजे सखारामपंत आणि अंबादासपंत यांनी ती विद्या इंदुरात राखली, तर गोविंदराव बऱ्हाणपूरकरांनी ती विसाव्या शतकात दूरवर नेली.

आता थोडे दूर जाऊ. याच काळात युरोपात व्हायोलिन आणि पियानो यांवर थक्क करणारे वादन करणाऱ्यांची मोठी पिढी होती. पागानिनी हे त्यांतले सर्वांत प्रसिद्ध नाव. त्याच्यामागून आलेला अर्न्स्ट १८६५ मध्ये वारला. त्याच्या काळी तो तितकाच गाजला होता. पुढे मात्र त्याच्या मोजक्या रचना सोडल्या तर बाकीच्या मैफलींतून जवळजवळ नाहीशा झाल्या. लोकांची रुची बदलली, ‘नुसती बोटांची करामत’ असा शिक्का बसला आणि रचना ग्रंथालयांच्या कपाटांत पडून राहिल्या. पण पडून राहिल्या, हेच महत्त्वाचे! त्या छापलेल्या होत्या. म्हणून आपल्या काळात शेर्बान लुपू हे व्हायोलिनवादक आणि इयन हॉब्सन हे पियानोवादक यांना ते कागद उघडून अर्न्स्टच्या रचना मालिकेने ध्वनिमुद्रित करता आल्या. मधल्या शंभर वर्षांत कोणीच वाजवले नसते, तरी कागदाने वाट पाहिली असती.

आमच्या बंदेअलींचे आणि नानांचे तसे झाले नाही. त्यांनी काही छापले नाही. हिंदुस्थानात ग्रामोफोनचे पहिले ध्वनिमुद्रण १९०२ मध्ये कलकत्त्यात झाले, तेव्हा बंदेअली हयात नव्हते. बडोद्यात मौलाबक्षांनी १८८६ मध्ये गायनशाळा काढली आणि संगीत लिहून ठेवण्याचा आग्रह धरला. पुढे भातखंड्यांनी गावोगाव हिंडून, उस्तादांच्या विनवण्या करून शेकडो चिजा स्वरलिपीत उतरवल्या आणि आपला मोठा ग्रंथ आधी मराठीत लिहिला. हे उपकार न फिटणारे आहेत. तरीही स्वरलिपीत चीज मावते, बिनेची मींड मावत नाही. वहीत ‘धुमकिट’ असे लिहिता येते. पण डाव्या तोंडावर ओली कणीक किती थापायची आणि तळहात कुठे, किती दाबायचा, हे गुरूच्या हाताकडे पाहूनच कळते.

मग हे संगीत नष्ट झाले का? पूर्णपणे नाही. ते कागदाऐवजी माणसांत शिरले आणि जिथे आपण शोधणार नाही तिथे जाऊन राहिले.

पहिला पत्ता आपल्या देवासचा. रजबअली खाँ यांचा जन्म १८७४ चा. त्यांनी बंदेअलींकडून बीन घेतली आणि ती आपल्या गळ्यात उतरवली. त्यांच्या वळणावळणाच्या, अवघड तानांत बिनेची चाल ऐकू येते असे जाणकार सांगतात. १९५४ मध्ये त्यांना संगीत नाटक अकादमीचा पुरस्कार मिळाला आणि १९५९ मध्ये देवासलाच त्यांनी देह ठेवला. गणपतराव देवासकर आणि कृष्णराव मुजुमदार हे त्यांचे मराठी शिष्य. पुतणे अमानत खाँ यांच्याकडे लता मंगेशकर शिकल्या. इंदूरच्या अमीर खाँसाहेबांच्या तानांवरही रजबअलींची छाया आहे.

दुसरा पत्ता मराठी रंगभूमीचा. किर्लोस्कर नाटक मंडळीचा मुक्काम इंदुरात असताना कंपनीतल्या भास्कर बखले या मुलाचा आवाज बंदेअलींच्या कानी पडला आणि त्यांनी त्याला तालीम दिली. हाच मुलगा पुढे भास्करबुवा झाला, पुण्यात भारत गायन समाज उभारला, बालगंधर्व आणि मास्टर कृष्णराव यांचा गुरू झाला. नाट्यसंगीत गुणगुणताना आपण इंदूरच्या एका बीनकाराचे देणे लागतो, हे कधी मनात येते का?

तिसरा पत्ता पनवेलजवळच्या पळस्प्याचा. बंदेअलींच्या मुली डागर घराण्यात दिल्या होत्या. त्या घराण्यातील झिया मोहिउद्दीन डागर (१९२९ ते १९९०) यांनी, बीन ऐकणारेही मोजकेच उरले असताना, हे वाद्य पुन्हा मैफलीत आणले. भोपळे मोठे केले, दांडी जाड केली, स्वर खाली आणला आणि पळस्प्याला गुरुकुल उभारले. त्यांचे धाकटे बंधू झिया फरिदुद्दीन यांनी १९८१ पासून भोपाळच्या ध्रुपद केंद्रात शिष्य तयार केले. ध्रुपदाबरोबर पखवाजालाही पुन्हा मागणी आली. एरवी पखवाज तगला तो वारकऱ्यांच्या भजनात आणि कीर्तनात. दरबार बुडाले, पण दिंडी थांबली नाही.

यातून आम्हांला एकच गोष्ट सांगायची आहे. विलायतेत हरवलेले संगीत शोधायचे म्हणजे कपाट उघडायचे. आपल्याकडे शोधायचे म्हणजे माणूस गाठायचा. कपाटातला कागद शंभर वर्षे थांबतो, ऐंशीच्या घरातला माणूस थांबत नाही. १९४८ मध्ये संस्थाने विलीन झाली आणि दरबारी आश्रय आटला, तेव्हा ज्यांनी त्या मैफली ऐकल्या त्यांच्यापैकी आता फारच थोडे उरले असतील. त्याच वर्षी क्षयाने आजारी कुमार गंधर्व देवासला राहायला आले आणि बिछान्यावरून कानी पडणाऱ्या माळवी लोकगीतांनी त्यांना नवी दृष्टी दिली. पुढे त्यांनी ती गीते गोळा केली, स्वरबद्ध केली. ती कुठल्या ग्रंथालयात नव्हती. घराघरांतल्या बायकांच्या ओठांवर होती. त्यांनी ऐकले म्हणून ती आपल्यापर्यंत पोचली.

माळव्यातल्या मराठी घरांत जुन्या ट्रंका आहेत. एखाद्या ट्रंकेत आजोबांची बोलांची वही असेल, मोडीत किंवा बाळबोधात लिहिलेली. एखाद्या माळ्यावर पुडी फाटलेला पखवाज असेल. वाचकहो, दिवाळीच्या साफसफाईत ते रद्दीवाल्याला देण्याआधी घरातल्या वडीलधाऱ्यांना विचारा, हे कोण वाजवत होते, कोणाकडे शिकले, ही ओळ हातावर कशी पडते. वही आणि ती वाचून दाखवणारा माणूस, दोन्ही एकत्र असतील तरच ते संगीत आहे. माणूस गेल्यावर उरतात ती फक्त अक्षरे. आणि आता तर हातातल्या मोबाइलवर आवाज टिपून ठेवणे पोरासोरांनाही जमते. बंदेअलींच्या नशिबी ते नव्हते.

आरतीच्या वेळी पखवाजावर थाप पडेल तेव्हा नाना पानशांची आठवण ठेवू या. आणि वाजवणारे आजोबा असतील तर आरती संपल्यावर दोन घटका त्यांच्याजवळ बसू या.

गणपती बाप्पा मोरया!