तोफांचे नांगर : माळरानावरच्या एका कारखान्याचा इतिहास

१/ पहिल्या महायुद्धाच्या काळात कोल्हापूर संस्थानातील काही जुन्या तोफा पुन्हा हलवल्या गेल्या. मात्र लढाईसाठी नव्हे. शाहू महाराजांनी त्या एका कारखानदाराच्या हवाली केल्या. भट्टीत त्यांचा रस झाला आणि त्या रसाचे नांगर झाले. दुर्गप्रेमींना चटका लावणाऱ्या या घटनेमागे एका खेड्यातील कारखान्याच्या स्वावलंबनाची कथा आहे.

२/ तो कारखानदार म्हणजे लक्ष्मणराव किर्लोस्कर. जन्म १८६९, बेळगाव जिल्ह्यातील गुर्लहोसूर. चित्रकार व्हावे म्हणून ते मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत गेले; पण रंगांधळेपणामुळे तो मार्ग खुंटला. मग यांत्रिक रेखाटन शिकून ते व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये शिक्षक झाले. पुढे नोकरी सोडून थोरले बंधू रामूअण्णा यांच्यासह त्यांनी बेळगावात सायकलींचा व्यवसाय चालवला.

३/ सायकलींच्या व्यवहारातून ते शेतीच्या अवजारांकडे वळले. आधी कडबा कापण्याचे यंत्र, मग लोखंडी नांगर. परंतु गावोगावी नांगर लाकडाचा असे; तो गावचा सुतार घडवी आणि मोबदला बलुत्यात मिळे. लोखंडाने जमीन विषारी होते, असाही समज होता. पहिले नांगर खपायला दोन वर्षे लागली, असे सांगितले जाते.

४/ लोखंडी नांगराची मातब्बरी कशात? लाकडी नांगर माती चिरतो. लोखंडी नांगर ती उलथतो, म्हणून हरळी-कुंद्याची मुळे वर येतात. मात्र त्याचा फाळ कठीण हवा, तरी ठिसूळ नको. इंग्लंडमध्ये रॉबर्ट रॅन्सम यांनी १८०३ मध्ये यावर उपाय शोधला होता : ओतताना फाळाची खालची बाजू झटकन थंड करायची. ती कठीण होते, वरची बाजू आधी झिजते आणि धार आपोआप टिकते.

५/ फाळ झिजणारच. परदेशी नांगराचा फाळ तुटला, तर नवा समुद्रापलीकडून यायचा आणि पेरणी कोणासाठी थांबत नाही. म्हणून देशी कारखान्याचे खरे बळ ओतकामात होते. लाकडी नमुना करायचा, त्यावरून वाळूचा साचा घ्यायचा, त्यात बिडाचा रस ओतायचा. मग लेथ आणि भोके पाडण्याच्या यंत्रावर तो भाग नेमका करायचा. एवढे जमले की दुरुस्ती आपल्या हाती राहते.

६/ हे जमू लागले, तोच बेळगावची जागा सोडण्याची वेळ आली. नगरपालिकेला ती हवी होती. त्या वेळी औंधचे अधिपती बाळासाहेब पंतप्रतिनिधी पुढे आले. त्यांनी आपल्या संस्थानात कुंडल रोड स्थानकाजवळ जमीन दिली आणि १०,००० रुपये बिनव्याजी कर्जाऊ दिले. १९१० मध्ये तेथे किर्लोस्करवाडी वसली.

७/ जागा म्हणजे निवडुंगाने भरलेले, सापांचा वावर असलेले माळरान. कामगारांना घरे, पाणी, दिवाबत्ती, सारे शून्यातून उभारायचे होते. वसाहतीची व्यवस्था रामूअण्णांनी सांभाळली. निर्जन माळावर एकच मोठी सोय होती : रेल्वे. कच्चे लोखंड आणि कोक तिनेच यायचा, तयार नांगर तिनेच जायचे.

८/ १९१४ मध्ये युद्ध पेटले आणि आयात आटली. कुशल हात, यंत्रे, गिऱ्हाईक सारे होते. पण लोखंडावाचून भट्टी थंड पडणार होती. बिडाचा गुण असा, की ते पुन्हा वितळवून पुन्हा ओतता येते. जुनी मोडही चालते. अशा वेळी निकामी तोफांकडे लक्ष जाणे स्वाभाविक होते. १८४४ च्या गडकऱ्यांच्या उठावानंतर कोल्हापूरच्या गडांचे लष्करी महत्त्व संपलेच होते.

९/ येथे इतिहासाच्या अभ्यासकाला थांबावे लागते. तोफेवरची चिन्हे, तिचा घाट, तिच्या ओतकामाची रीत हे सारे पुरावे असतात. ते एकदा वितळले की कायमचे गेले. दुसऱ्या पारड्यात कामगारांची रोजी आणि शेतकऱ्याची नांगरट होती. हे नुकसान खरे आणि ही गरजही खरी. पुराव्याची किंमत आज मोजणाऱ्याने त्या वर्षांतील लोखंडाची टंचाईही मोजली पाहिजे.

१०/ भट्टी पेटती राहिली. १९२० मध्ये ‘किर्लोस्कर ब्रदर्स’ ही मर्यादित कंपनी झाली; १९२६ च्या सुमारास पाण्याचे पंप होऊ लागले. पुढे १९४१ मध्ये हरिहर येथे ‘म्हैसूर किर्लोस्कर’ उभी राहिली. तिचे उत्पादन होते लेथ, म्हणजे इतरांच्या कारखान्यांना लागणारे यंत्र.

११/ किर्लोस्करवाडीचे स्वावलंबन सारे काही स्वतः बनवण्याचे नव्हते. जमीन औंधने दिली, तोफा कोल्हापूरने, माल रेल्वेने आणला. जे झिजते आणि मोडते, ते जागच्या जागी पुन्हा ओतता येणे, एवढाच त्याचा अर्थ होता. कुंडल रोड हे नाव मागे पडले. आज त्या स्थानकाचे नाव किर्लोस्करवाडी आहे.