धर्मशिक्षकाला कोण शिकवतं?

इसवी सन 400च्या सुमाराला कार्थेजमधला देओग्रातियास नावाचा एक डीकन आपल्याच कामाला विटला होता. ख्रिस्ती होऊ पाहणाऱ्या नवख्यांना श्रद्धेची पहिली ओळख करून देणं हे त्याचं काम. आपलं बोलणं लांबतं, रटाळ होतं, ऐकणाऱ्याचं सोडाच, आपल्यालाही त्याचा कंटाळा येतो, अशी तक्रार त्याने हिप्पोचे बिशप संत ऑगस्टीन यांच्याकडे केली. उत्तरादाखल ऑगस्टीननी एक छोटा ग्रंथच लिहून काढला. समोरचा माणूस किती शिकलेला आहे, कशासाठी आला आहे, हे आधी समजून घे. उभ्याउभ्या ऐकून तो दमला असेल तर त्याला बसायला दे. आणि सर्वात आधी स्वतः आनंदाने बोल, असा त्यांचा सल्ला. शेवटी नमुन्यादाखल दोन भाषणं, एक मोठं आणि एक आटोपशीर. धर्मशिक्षकाला दुरून, लेखी शिकवण्याचं इतकं जिवंत उदाहरण मला दुसरं ठाऊक नाही. आज अमेरिकेतली एखादी आई मुलं झोपल्यावर लॅपटॉप उघडून कॅटेकिस्टच्या, म्हणजे धर्मशिक्षकाच्या, ऑनलाइन कोर्सचा धडा वाचते, तेव्हा ती देओग्रातियासच्याच रांगेत बसलेली असते.

या परंपरेच्या मुळाशी नेहमी अंतर आहे. फादर थोडे, गावं लांब. 1542 मध्ये फ्रान्सिस झेवियर गोव्यात आले आणि हातात घंटा घेऊन गल्लोगल्ली मुलांना गोळा करू लागले. पुढे तमिळ किनाऱ्यावरच्या मोती काढणाऱ्या कोळ्यांमध्ये गेल्यावर मात्र एकट्याची घंटा पुरेना. त्यांनी प्रार्थना तमिळमध्ये करून घेतल्या, गावोगावी त्यांच्या लेखी प्रती ठेवल्या आणि आपण पुढच्या गावाला गेल्यावर लोकांना जमवून त्या म्हणवून घेणारा तिथलाच एक माणूस नेमला. या माणसाला कणक्कपिळ्ळै म्हणत. अशा माणसांच्या मानधनासाठी झेवियरनी सरकारी तिजोरीतून पैसे मिळवले. धर्मशिक्षकाला पगार हवा, हे त्यांना पहिल्याच वर्षांत कळलं होतं. अनेक धर्मप्रांतांना ते आजही कळलेलं नाही, याचं मला वाईट वाटतं.

मराठीने या कामाला जे दिलं ते तर अपूर्व आहे. 1579 मध्ये गोव्यात आलेले इंग्रज जेझुइट थॉमस स्टीफन्स यांचं ‘क्रिस्तपुराण’ 1616 मध्ये रायतूरला छापून निघालं. सुमारे अकरा हजार ओव्यांच्या या काव्याची चौकटच मुळी धर्मशिक्षणाच्या वर्गाची आहे. गोव्यातल्या साष्टीतले नवे ख्रिस्ती शंका विचारतात आणि पाद्री-गुरू उत्तर देतात. जुनी पुराणं सुटली, त्यांच्या जागी ऐकायला काहीतरी हवं, ही त्या श्रोत्यांची भूक स्टीफन्सनी ओळखली. प्रश्नोत्तरांची ‘दौत्रिन’ही त्यांनी कोकणीत लिहिली, ती त्यांच्या मृत्यूनंतर, 1622 मध्ये छापली गेली. देओग्रातियासचा कंटाळा घालवायला ऑगस्टीननी जे सुचवलं होतं, ते स्टीफन्सनी ओवीत उतरवलं.

याच काळातला वसईचा एक मुलगा जेझुइटांबरोबर जपानला गेला, तिथली भाषा शिकला आणि त्यांचा कॅटेकिस्ट म्हणून राबला. नंतर तो फ्रान्सिस्कन बंधू झाला आणि 5 फेब्रुवारी 1597 रोजी नागासाकीत क्रुसावर मारला गेला. तो म्हणजे संत गोन्सालो गार्सिया. वसईकर त्यांना हुतात्मा म्हणून ओळखतात. त्यांचं धर्मशिक्षकपण फारसं कुणी सांगत नाही.

युरोपात 1536 मध्ये मिलानला रविवारच्या धर्मशिक्षणाच्या शाळा सुरू झाल्या, 1566 मध्ये रोमने धर्मगुरूंसाठी अधिकृत धर्मशिक्षणग्रंथ काढला आणि 1905 मध्ये पोप दहावे पायस यांनी प्रत्येक धर्मग्रामात धर्मशिक्षण-संघ स्थापण्याचा आदेश दिला. शिकवणाऱ्या प्रापंचिकांची, म्हणजे धर्मगुरू नसलेल्या सामान्य श्रद्धावंतांची, गरज यामुळे एकदम वाढली, आणि त्यांना तयार कोण करणार हा प्रश्नही. मिशनांमध्ये त्यासाठी निवासी शाळा होत्या. न्यू गिनीजवळच्या न्यू ब्रिटन बेटावरचा पीटर टो रोट अशाच शाळेत शिकून 1933 मध्ये गावी परतला. दुसऱ्या महायुद्धात जपान्यांनी मिशनरींना कैद केलं, तेव्हा प्रार्थना, बाप्तिस्मे, विवाहांची नोंद, सगळं त्याच्यावर येऊन पडलं. 1945 मध्ये तुरुंगात त्याला मारण्यात आलं. 19 ऑक्टोबर 2025 रोजी तो संत घोषित झाला.

अमेरिकेत 1920 च्या दशकात ओरेगनचे फादर एडविन ओ’हारा यांनी दूरच्या शेतवस्त्यांवरल्या मुलांसाठी टपालाने धर्मशिक्षणाचे धडे सुरू केले. त्याच वाटेने पुढे, 1990 च्या दशकाच्या अखेरीला, ओहायोच्या डेटन विद्यापीठाने धर्मशिक्षकांसाठी इंटरनेटवरचे कोर्स आणले. काही आठवड्यांचा एक कोर्स. वाचन, लेखी चर्चा आणि ती पुढे नेणारा मार्गदर्शक. एका वेळी सगळ्यांनी हजर असण्याची अट नाही. नोकरी आणि घर सांभाळणाऱ्याला हे फार सोयीचं पडलं. फ्रान्सिस्कन युनिव्हर्सिटी ऑफ स्टूबनव्हिलच्या कोर्समध्ये तर शिकणाऱ्यासोबत एक जाणता सोबती असतो. मला ही पद्धत अधिक योग्य वाटते. पडद्यावरून सिद्धान्त शिकता येतो. दहा वर्षांच्या मुलाच्या प्रश्नापुढे शांत राहणं कुणाच्या तरी शेजारी बसून शिकावं लागतं.

दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने 1965 मध्येच सुचवलं होतं की, पुरेसं प्रशिक्षण घेतलेल्या कॅटेकिस्टांना उपासनेत, सर्वांसमक्ष पाठवणी मिळावी. 10 मे 2021 रोजी पोप फ्रान्सिस यांनी कॅटेकिस्टचं पद प्रापंचिकांची अधिकृत सेवा म्हणून स्थापन केलं, आणि 23 जानेवारी 2022 रोजी सेंट पीटर्समध्ये पहिल्या काहींना स्वतः ती सेवा बहाल केली. ऑनलाइन कोर्स पुरा केला की ही सेवा आपोआप मिळत नाही. उमेदवाराची पारख बिशपांनी करायची, त्याला ओळखणाऱ्या धर्मग्रामाने त्याच्याविषयी बोलायचं, आणि मग वेदीसमोर त्याच्या हाती क्रूस द्यायचा, असा तो विधी आहे.