संदर्भनोंदींचे रूपांतर

संदर्भनोंदींचे रूपांतर : ग्रंथ, लेख, प्रबंध इत्यादींची माहिती सूचिकोशात (डेटाबेसमध्ये) सुट्या रकान्यांत साठवून तिच्यापासून ठरावीक शैलीतील संदर्भ तयार करण्याची प्रक्रिया. विद्यार्थ्यांचे निबंध, प्रकल्प-अहवाल आणि प्रबंध यांत तिचा वापर होतो. नोंद एकदाच करायची आणि महाविद्यालय, विद्यापीठ किंवा नियतकालिक मागेल त्या शैलीत ती संगणकाकडून मांडून घ्यायची, हे तिचे मूळ तत्त्व. स्वल्पविराम, कंस आणि तिरपा ठसा हे शैलीचे काम. लेखक कोण, वर्ष कोणते, आवृत्ती कुठली हे नोंद करणाऱ्याचे. प्रस्तुत नोंदीतील उदाहरणे पालघर जिल्ह्यातील वसई तालुक्याच्या गास या गावातील विद्यार्थ्याला परिसराच्या इतिहासासाठी लागणाऱ्या साधनांची आहेत.

पूर्वपीठिका. मराठीत सूचिकार्याची परंपरा संगणकाच्या आधीची आहे. शंकर गणेश दाते यांच्या ‘मराठी ग्रंथसूची’च्या पहिल्या भागात 1800 ते 1937 आणि दुसऱ्यात 1938 ते 1950 या काळातील ग्रंथांच्या नोंदी आहेत. ग्रंथालयीन नोंद यंत्राला वाचता यावी यासाठी अमेरिकेच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसमध्ये हेन्रिएट ॲव्हरम यांच्या नेतृत्वाखाली 1960 च्या दशकात ‘मार्क’ हे स्वरूप तयार झाले. लेखकाच्या टेबलापर्यंत ही सोय पोहोचली ती ओरेन पटाश्निक यांच्या ‘बिबटेक’ या आज्ञावलीमुळे (1985). 2006 मध्ये जॉर्ज मेसन विद्यापीठातून ‘झोटेरो’ हा मोफत संदर्भ-व्यवस्थापक आला. ब्रूस डार्कस यांनी सुरू केलेल्या ‘सीएसएल’ या शैलीवर्णनाच्या भाषेमुळे एकाच नोंदीवर हजारो शैली चालवणे शक्य झाले.

घडण. प्रक्रियेचे तीन भाग असतात. पहिला भाग नोंदीचा. तिच्यात साधनाचा प्रकार (ग्रंथ, लेख, प्रकरण, प्रबंध), एक ओळखखूण आणि लेखक, संपादक, शीर्षक, वर्ष, प्रकाशक, खंड, पृष्ठे असे रकाने असतात. दुसरा भाग शैलीच्या फाइलचा : कोणता रकाना आधी, कोणता नंतर आणि मध्ये कोणते चिन्ह, हे ती सांगते. तिसरा भाग या दोहोंची सांगड घालणाऱ्या प्रक्रियकाचा. विद्यार्थी मजकुरात केवळ ओळखखूण घालतो. प्रक्रियक तिच्या जागी संक्षिप्त निर्देश ठेवतो आणि शेवटी वर्णानुक्रमे यादी लावतो. मजकुरात न आलेली नोंद यादीत येत नाही आणि यादीत नसलेला निर्देश मजकुरात राहत नाही.

गासच्या पूर्वेला लागून असलेल्या सोपाऱ्याच्या स्तूपावरील भगवानलाल इंद्रजींचा लेख हे साधे उदाहरण. नोंदीचे रकाने असे : लेखक– इंद्रजी, भगवानलाल, शीर्षक– अँटिक्वेरियन रिमेन्स ॲट सोपारा अँड पडण, नियतकालिक– जर्नल ऑफ द बॉम्बे ब्रँच ऑफ द रॉयल एशियाटिक सोसायटी, खंड– 15, वर्ष– 1882, पृष्ठे– 273–328. तीच नोंद वेगवेगळ्या शैलींत अशी उतरते :

एपीए : इंद्रजी, भ. (1882). अँटिक्वेरियन रिमेन्स ॲट सोपारा अँड पडण. जर्नल ऑफ द बॉम्बे ब्रँच ऑफ द रॉयल एशियाटिक सोसायटी, 15, 273–328.

एमएलए : इंद्रजी, भगवानलाल. “अँटिक्वेरियन रिमेन्स ॲट सोपारा अँड पडण.” जर्नल ऑफ द बॉम्बे ब्रँच ऑफ द रॉयल एशियाटिक सोसायटी, खंड 15, 1882, पृ. 273–328.

शिकागो : इंद्रजी, भगवानलाल. “अँटिक्वेरियन रिमेन्स ॲट सोपारा अँड पडण.” जर्नल ऑफ द बॉम्बे ब्रँच ऑफ द रॉयल एशियाटिक सोसायटी 15 (1882): 273–328.

नोंद मिळवणे. अलीकडच्या लेखाचा डीओआय किंवा ग्रंथाचा आयएसबीएन दिला की संदर्भ-व्यवस्थापक बाकीचे रकाने स्वतः भरतो. ग्रंथालयाच्या तालिकेतून बिबटेक किंवा ‘आरआयएस’ स्वरूपातही नोंद उतरवून घेता येते. स्थानिक इतिहासात मात्र ही सोय बहुधा निरुपयोगी ठरते. आयएसबीएन 1970 मध्ये आंतरराष्ट्रीय प्रमाण झाला, त्यामुळे त्याआधीच्या छापील प्रतीवर तो नसतो. अशा साधनांची नोंद मुखपृष्ठ पाहून नव्हे, आतले शीर्षकपृष्ठ पाहून हातानेच करावी लागते. शोधशब्दही जपून निवडावे लागतात. वसईला इंग्रजी साधनांत ‘बसीन’ म्हणतात आणि ब्रह्मदेशातील पाथेन या शहराचेही जुने इंग्रजी नाव तेच आहे, म्हणून दोहोंच्या नोंदी एकत्र येतात. पालघर जिल्हा 1 ऑगस्ट 2014 रोजी झाला. त्यापूर्वीचे साहित्य ठाणे जिल्ह्याखाली शोधावे लागते.

नावांचे प्रश्न. बहुतेक प्रणाली नावाचे आडनाव आणि स्वतःचे नाव असे तुकडे करतात. भगवानलाल हे स्वतःचे नाव आणि इंद्रजी हे वडिलांचे. तरी वरच्या तिन्ही संदर्भांत वडिलांचे नाव आडनावाच्या जागी गेले आहे. हा रूढ संकेत आहे. तो नको असेल तर संपूर्ण नाव एकाच रकान्यात, न तोडता नोंदवता येते. ‘पंडित’, ‘फादर’ यांसारख्या उपाध्या नावाच्या रकान्यात घालू नयेत. फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांची नोंद ‘दिब्रिटो, फ्रान्सिस’ अशी होते.

चौल आणि वसईच्या पुरातन अवशेषांवर 1876 मध्ये ग्रंथ लिहिणारे जे. गर्सन दा कुन्हा यांच्या नावातील ‘दा’ बिबटेक रोमन लिपीत ओळखतो, कारण तो लहान अक्षराने सुरू होतो. देवनागरीत लहान-मोठी अक्षरे नाहीत, म्हणून ही खूण नाहीशी होते आणि ‘दा’ स्वतःच्या नावात मिसळतो. स्वल्पविराम देऊन आडनाव आधी लिहिणे हा त्यावरचा उपाय. दोन लेखकांमध्ये बिबटेकला इंग्रजी ‘अँड’ रोमन लिपीतच लागतो. ‘आणि’ लिहिले तर दोन व्यक्तींचे एक नाव होते. संस्थेचे नाव महिरपी कंसात बंदिस्त केले नाही, तर ‘महाराष्ट्र राज्य साहित्य संस्कृती मंडळ’ यादीत ‘मंडळ, महाराष्ट्र राज्य साहित्य संस्कृती’ असे अवतरते. इंग्रजी शीर्षकांत उलटी अडचण येते : बिबटेकच्या काही शैली लेखाच्या शीर्षकातील मोठी अक्षरे लहान करतात आणि ‘सोपारा’ हे विशेषनामही त्यात सापडते. ते नावही महिरपी कंसात ठेवावे लागते.

लिपी आणि वर्णक्रम. मराठीत आद्याक्षर मात्रा आणि अनुस्वारासह घेतात : विश्वनाथ काशिनाथ राजवाडे यांचे ‘वि. का.’, त्र्यंबक शंकर शेजवलकर यांचे ‘त्र्यं. शं.’. केवळ पहिले सांकेतिक चिन्ह उचलणारी प्रणाली ‘व. क.’ आणि ‘त. श.’ करून ठेवते. मूळ बिबटेक तर युनिकोडमधील देवनागरी अक्षराचा एकच बाइट उचलून ते मोडतो. त्याच्या जागी ‘बिबलेटेक’सोबत चालणारा ‘बायबर’ हा प्रक्रियक युनिकोड जाणतो. वर्णक्रमातही फरक पडतो. युनिकोडच्या तक्त्यात ‘ळ’ हा ‘ल’च्या लगेच पुढे आहे, मराठी कोशांत ळ, क्ष, ज्ञ हे ‘ह’नंतर येतात. म्हणून यादीची भाषा मराठी आहे हे प्रणालीला सांगावे लागते.

काळ आणि आवृत्ती. जुन्या पुस्तकांवर शकवर्ष असते. त्यात 78 मिळवले की इसवी सन येतो. जानेवारीपासून शकवर्षाच्या अखेरीपर्यंतच्या महिन्यांसाठी 79 मिळवतात. वर्षाच्या रकान्यात इसवी सन आणि टिपेच्या रकान्यात मूळ शक ठेवणे सोयीचे. उत्तर कोकणच्या इतिहासासाठी वापरली जाणारी ‘महिकावतीची बखर’ राजवाड्यांनी 1924 मध्ये छापली. ते तिचे संपादक आहेत, लेखक नव्हेत. रकाना चुकला तर कोणतीही शैली ती चूक दुरुस्त करत नाही. फादर थॉमस स्टीफन्स यांचे ‘क्रिस्तपुराण’ 1616 मध्ये प्रथम छापले गेले आणि 1907 मध्ये मंगळूरला जोसेफ सल्ढाणा यांनी त्याची नवी आवृत्ती काढली. विद्यार्थ्याने जी प्रत हाताळली तिचे वर्ष मुख्य रकान्यात आणि पहिल्या मुद्रणाचे वर्ष ‘मूळ वर्ष’ या रकान्यात जाते. पृष्ठक्रमांकही हाताळलेल्या प्रतीचेच द्यायचे असतात.

शैक्षणिक महत्त्व. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या 2018 च्या वाङ्मयचौर्यविषयक विनियमांनुसार साम्य मोजताना योग्य श्रेयनिर्देशासह दिलेली अवतरणे आणि संदर्भसूची वगळली जाते. 10 टक्क्यांपर्यंतच्या साम्याला दंड नाही. अवतरणे वगळण्याची सवलत श्रेयनिर्देश नीट असेल तरच उपयोगी पडते. रूपांतरानंतरची तपासणी म्हणूनच दोन टप्प्यांत करतात : आधी प्रत्येक नोंद शीर्षकपृष्ठाशी ताडून पाहणे, मग यादी शैलीपुस्तिकेशी. दुसऱ्या टप्प्यात सापडलेली चूक यादीत हाताने दुरुस्त करू नये, कारण यादी पुन्हा तयार होताच ती परत येते. दुरुस्ती मूळ नोंदीत किंवा शैलीच्या फाइलमध्ये करावी.