मॉडेलच्या पोटातलं शिसं

‘मॉडेल डुलतंय? तळाला शिसं टाक की!’ माझा विषय कळला की हा सल्ला हमखास मिळतो.

१८७२ मध्ये विल्यम फ्रूडने इंग्लंडात टॉर्कीला हौद सुरू केला. त्यात तो जहाजांची मेणाची मॉडेलं ओढून बघायचा. लांबी १/२० केली तर वजन १/८००० हवं, तरच मॉडेल योग्य रेषेपर्यंत बुडतं. डुलणं तपासायचं तर गुरुत्वमध्यही त्याच प्रमाणात, खऱ्या जहाजात असेल तिथेच हवा. शिसं तळाशी ढकललं की मॉडेल छान उभं राहतं, पण मग ते दुसऱ्याच जहाजाचं!

आधी दोनच वर्षं, १८७० मध्ये, ‘कॅप्टन’ ही ब्रिटिश युद्धनौका फिनिस्टेरे भूशिराजवळ उलटली होती. पावणेपाचशेच्या आसपास माणसं गेली. बांधताना तिचं वजन वाढत गेलं, आणि ती ठरल्यापेक्षा दीड-दोन फूट खोल बसली होती.