पंचवीसपट लहान फोर्ड

परवा नातवाच्या टेबलावर १९३२ ची फोर्ड पाहिली. वीतभरही नाही, टप काढलेला, इंजिन उघडं! "आजोबा, याला हॉट रॉड म्हणतात."

मग थोडं वाचलं. १९३० च्या दशकात दक्षिण कॅलिफोर्नियातली पोरं जुन्या फोर्ड स्वस्तात घ्यायची, मडगार्ड काढून वजन घटवायची, इंजिन सुधारायची आणि म्युरॉकसारख्या आटलेल्या तलावांच्या सपाट तळावर पळवायची.

ज्यांचं गाडी घ्यायचं वय नव्हतं, त्यांच्यासाठी १९५८ साली एएमटी कंपनीने प्लॅस्टिकचे 'थ्री-इन-वन' संच आणले. एकाच खोक्यातून गाडी तीन तऱ्हांनी जोडता येई: कारखान्यातून निघते तशी, सजवलेली किंवा शर्यतीची. त्यामुळे सुटे भाग उरायचे. मुलं ते जपून ठेवत आणि पुढच्या गाडीला लावत. म्हणजे मोठ्यांचंच काम, फक्त पंचवीसपट लहान!

याच्या बापाने लहानपणी गजराचं घड्याळ खोललं, तेव्हा मी, एक शिक्षक, त्याला धपाटा घातला होता. उरलेले स्क्रूही फेकून दिले. नातवाची सुट्या भागांची डबी पाहून ते आठवलं. रात्री मुलाला म्हटलं, "तेव्हा चुकलंच माझं." तो नुसता हसला.

असो.